‘येते’ म्हणून गेले

जर्मनीत शिकायला गेले तेव्हा मी स्वतःला फार शहाणी समजत असे. तिथल्या पहिल्याच शनिवारी एकटीने आगगाडीने डोंगरातलं एक गाव बघायला निघाले. घरमालकीणबाई स्वयंपाकघरात होत्या. शनिवार पेठेतल्या मुलीने घरातून निघताना ‘जाते’ म्हणायचं नसतं, म्हणून मी चोख जर्मनमध्ये ‘येते हं’ म्हणाले आणि ऐटीत बाहेर पडले.

रविवारी संध्याकाळी परतले, तर दारात पोलीस! हातात माझाच फोटो. माझी पाचावर धारण बसली. आत बाई रडून लाल झालेल्या.

“कुठे होतीस?” त्या किंचाळल्या.

“अहो, सांगून तर गेले! ‘येते’ म्हणाले ना?”

“मग आली का नाहीस? मी जेवायची थांबले. सगळ्या हॉस्पिटलांना फोन केले!”

पोलीस माझ्याकडे बघतच राहिला. इतकं शुद्ध जर्मन त्या बिचाऱ्याने कधी ऐकलं नसावं.

पुढच्या शनिवारी बाई दार अडवून उभ्या. ‘जाते’ म्हटल्याशिवाय सोडेनात. म्हटलं एकदाचं, आणि गाडीतून उतरेपर्यंत जीव मुठीत धरून बसले.