पाहुण्या पोरींची खोली

मैदानावर जायच्या आधी मी पाणी प्यायचे नाही. दुपारच्या जेवणानंतर थेंबसुद्धा नाही. आमच्या कबड्डीच्या संघातली एकही पोर प्यायची नाही, कारण नगरपालिकेच्या त्या मैदानावर मुलींना आडोसा म्हणून नव्हता. मुलं भिंतीमागे जायची. आम्ही कुठे जाणार, कप्पाळ! जळगाव जिल्ह्यातलं ऊन ते, आणि आम्ही कोरड्या घशानं चढाया करायचो.

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. ते नगरपालिकेत ओव्हरसिअर होते, गावातली गटारं नि भिंती त्यांच्या देखरेखीखाली बांधल्या जायच्या. एकदा सरावात मी चक्कर येऊन पडले. आमच्या खेळाच्या बाईंनी रिक्षात घालून घरी आणलं. आईनं माझी पिशवी उघडली आणि ओरडली, "अगं माय, बठ्ठी बाटली भरेल शे!" अख्खी बाटली तशीच भरलेली होती. मी तिच्या कानात कारण सांगितलं. भाऊ तिथेच पेपर वाचत बसले होते. नंतर बराच वेळ त्यांनी पान उलटलं नाही. मला मात्र एका शब्दानं काही विचारलं नाही. असल्या गोष्टी बाप मुलीशी बोलत नसे तेव्हा.

त्याच वर्षी बातमी आली की मुलींच्या आंतरराष्ट्रीय कबड्डी स्पर्धेतले दोन सामने आमच्या गावाला मिळणार. झालं, गाव हवेत! गॅलरी हवी, दिवे हवेत, रस्त्यावर पक्की स्वागतकमान हवी. आमच्याच मैदानाचा आराखडा भाऊंच्या गळ्यात पडला. ते घरी जमिनीवर कागद पसरायचे आणि मी चारी कोपऱ्यांवर डाळीचे डबे ठेवायचे. एका कोपऱ्यात छोटा चौकोन दिसला. "हे काय, भाऊ?"

"पाहुण्या पोरींची खोली," ते म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही.

रविवारी स्पर्धा समितीचे अध्यक्ष आराखडा बघायला घरी आले. मी चहा नेला. चौकोनावर बोट ठेवून ते हसले. "दोन दिवसांचा कारभार, भाऊसाहेब. इथे कनात लावा. पैसा कमानीत घालू, ती चार लोकांना दिसते तरी."

आमचे भाऊ म्हणजे साहेबापुढे 'हो जी'च्या पुढे न जाणारा माणूस. पण त्या दिवशी म्हणाले, "साहेब, परदेशी पोरी पाणी लई पितात. कनात वाऱ्यानं उडाली तर गावाची अब्रू जाईल."

जन्मात एक परदेशी पोर पाहिली नव्हती हो त्यांनी! मी ट्रे धरून दारात उभी. लाजेनं कान तापले होते आणि डोळे भरून आले होते. अध्यक्षांनी मिशीवरून हात फिरवला. "बरं, बांधा. कमान कापडाची करू."

खोली झाली. दोन संडास, नळ, सिमेंटची टाकी. दाराची कडी नीट बसेना, तर भाऊंनी ती गवंड्याकडून तीनदा बदलून घेतली. दर वेळी स्वतः आत जाऊन कडी लावायचे आणि गवंड्याला बाहेरून दार ढकलायला सांगायचे.

आणि कुठे माशी शिंकली कोण जाणे, पत्र आलं की सामने दुसऱ्या शहरात गेले. कापडाची कमान गुंडाळून ठेवली. खोलीला अध्यक्षांनी कुलूप ठोकायला लावलं. म्हणे, पुढे कधी मोठे पाहुणे आले तर कामी येईल, गावच्या पोरी घाण करतील. मला एवढा संताप आला! आम्ही घाण करणार? घरातल्या मोऱ्या कोण घासत होतं मग?

किल्ली कचेरीत भाऊंच्याच टेबलाच्या खणात असायची. दोन दिवसांनी सरावाच्या वेळी ते सायकलवरून मैदानावर आले. याआधी माझा खेळ बघायलासुद्धा कधी आले नव्हते. त्यांनी कुलूप काढलं आणि सरळ आपल्या खिशात टाकलं. बाईंना म्हणाले, "अध्यक्षांनी विचारलं तर सांगा, ओव्हरसिअरनं नेलं."

मग माझ्या पिशवीतली बाटली काढून त्यांनी माझ्यापुढे धरली. सगळ्या पोरी बघत होत्या.

"पी," भाऊ म्हणाले. "बठ्ठी पी."