ठिपका हलला नव्हता

मी इथे बराच काळ फक्त वाचते, लिहीत नाही. आणि वाचतानाही अर्धं लक्ष "हे कशामुळे झालं असेल" याकडेच असतं... फिजिक्स शिकल्यामुळे असेल. भूतबित आमच्या घरात कोणी मानत नाही, आईसुद्धा नाही. म्हणून हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय. कॉलेजचं नाव विचारू नका.

वाशीम जिल्ह्यात मालेगावहून मेडशीकडे जाताना आमचं गाव लागतं. घरी आई आणि मी, दोघीच. मागच्या हिवाळ्यात वाशीमच्या एका कॉलेजमधून डेमो लेक्चरसाठी बोलावणं आलं. याआधी एका ठिकाणी मी शिकवत असताना सगळे फळा सोडून माझ्या थरथरणाऱ्या हाताकडे बघत होते. तिथून नकार आला. इथेही जमलं नाही तर पुण्याला मावशीकडे जाऊन मिळेल ते काम धरायचं, असं ठरलं होतं. म्हणजे आई इथे एकटी.

मग वाटलं, लेझर पॉइंटर घ्यावा. लोक ठिपक्याकडे बघतील, माझ्याकडे नाही.

मालेगावच्या दुकानदाराने दोन-तीन काउंटरवर ठेवले. "ताई, हिरवा न्या. लालले आता कोनी विचारत नाई."

"लालच द्या."

"मांजर खेळवाची हाय का?"

हिरवा फार उजळ असतो, त्यात थरथर जास्त दिसेल — हा माझा हिशोब. बटणासारखे चपटे सेल लागणारा पॉइंटरही नको म्हटलं, तसले सेल आमच्याकडे पटकन मिळत नाहीत. टीव्हीच्या रिमोटमध्ये टाकतात तसे दोन बारके सेल लागणारा लाल पॉइंटर घेतला.

संध्याकाळी घरी भिंतीवर लावून पाहिला. ठिपका माझ्या हाताबरोबर नाचत होता. आई बघत होती.

"फिका दिसून राह्यला वं. सेल जुने तं नाई दिले त्यानं?"

"नवे आहेत, आई."

"दुकानात किती दिस पडून होते, कोनाले मालूम."

आमच्याकडे सेल कमजोर वाटला की उन्हात ठेवतात. टॉर्चचे, रिमोटचे, घड्याळाचे — आमच्या टिनाच्या छपरावर तुरीच्या डाळीशेजारी ते नेहमी पडलेले असतात. उन्हाने सेल चार्ज होत नाही हे मी आईला अनेकदा समजावलंय. ती मान डोलावते आणि परत ठेवते.

दुसऱ्या दिवशी वाशीमला कॉलेजच्या हॉलमध्ये पर्समधून पॉइंटर काढला तेव्हा तो हलका लागला. म्हटलं, घाबरल्यामुळे वाटत असेल. बटण दाबलं. लाल ठिपका पडद्यावर आला. विषय होता प्रकाशाचं अपवर्तन. सुरुवातीची दोन वाक्यं कशी बोलले, आठवत नाही. नंतर फक्त ठिपक्याकडे बघत राहिले. अंगठा उचलला की तो जायचा, दाबला की मला हवा तिथेच यायचा.

शेवटी समोरचे एक सर म्हणाले, "पॉइंटर कुठला घेतला तुम्ही? आमच्याकडे सगळ्यांचा ठिपका नाचतो."

बाहेर पाणी पिताना पहिल्या बाकावरची एक मुलगी जवळ आली. "म्याडम, तुमचा हात तं लय कापून राह्यला होता. मंग ठिपका काहून नाई हालला?"

मला वाटलं होतं, हात कापला नाही.

घरी आले तर आई दाराच्या पायरीवर बसलेली. मुठीत दोन सेल.

"सेल तं इथंच राह्यले वं. तू आंघोळीले गेली तवा टिनावर ठेवले, उलीसं ऊन लागावं म्हनून. वापस टाकाचं ध्यानातच नाई राह्यलं. किती फोन केले तुले... माह्यापायी गेलं ना तुहं काम?"

माझा फोन सकाळपासून बंद होता. मी तिच्या शेजारी बसले आणि पॉइंटरचं झाकण फिरवून उघडलं. रिकामा. बटण दाबलं. काही नाही.

"लेक्चर चांगलं झालं, आई."

"मंग दुसरे सेल घेतले का?"

"नाही."

तिने पॉइंटर हातात घेऊन आत डोकावून पाहिलं. "लागला होता?"

"लागला होता."

"बरं झालं मंग," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

मी सगळं तपासून पाहिलंय. आत उरलेल्या चार्जवर तो एवढा वेळ चालणं शक्य नाही. मला भास झाला म्हणावं तर सरांनी आणि त्या मुलीनेही ठिपका पाहिला. हॉलमधल्या दुसऱ्या कोणाचा म्हणावा, तर मी पुढे कुठे दाखवणार हे त्याला कसं कळणार...

नोकरी मिळाली. रोज वाशीमला जाऊन येते. एकदा वर्ग रिकामा असताना सेल काढून बटण दाबून पाहिलं, अंधारच होता. आता निघण्याआधी आई न चुकता सेल घातलेत का ते बघते. हात अजूनही कापतो, आणि त्याच्याबरोबर ठिपकाही कापतो. पोरांना त्याची सवय झाली आहे.

त्या दिवशी तो ठिपका कोणाच्या हातात होता, मला माहीत नाही.