पिशवीतलं पेन

वार्ताहराच्या जागेसाठी ती पदवीशिवायच मुलाखतीला गेली होती. संपादकांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"मग तुला येतं तरी काय?"

"लोक माझ्याशी बोलतात."

संपादक हसले. पण महिनाभरात त्यांना कळलं, बाईनं थाप मारली नव्हती. कचेऱ्यांतले शिपाई, दवाखान्यातल्या आया, कुणाकुणाच्या सासवा, तिच्यापुढं सगळे भडाभडा मोकळे व्हायचे. बाकीचे वार्ताहर वही उघडून बसायचे आणि समोरचा माणूस लगेच सावरून बसायचा. हिचं पेन पिशवीबाहेर यायचंच नाही. ऐकून घ्यायची, मग बाहेर जिन्यात बसून शब्द न्‌ शब्द उतरवून काढायची.

धाकटा भाऊ पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर कामाला होता. त्या आठवड्यात दवाखान्यात मुलांचा वॉर्ड जुलाब-उलट्यांनी भरला होता, एकेका खाटेवर दोन-दोन पोरं. ते बघून ती भावाकडे जेवायला गेली.

"ताई, पाणी उकळूनच पी हं," पहिल्याच घासाला तो म्हणाला. "पाण्यात टाकायची पावडर संपून महिना झाला. साहेब म्हणतात, तपासणीचे आकडे भरून टाका. आम्ही भरतो, अंदाजपंचे."

"शाळेत गणितात नापास, आणि आता बघा वन्सं, आकडे कसे झकास येतात यांना," भावजय म्हणाली. तिघंही हसली.

परतताना ती जिन्यात बसली. नेहमीसारखी.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या भांडारातल्या कारकुनाकडून तिनं खात्री करून घेतली, पावडर खरंच नव्हती. संपादकांनी बातमी दोनदा वाचली.

"पहिलं सांगणारा कोण?"

"भाऊ."

"छापू का, विचारलंस त्याला?"

"विचारलं असतं तर नको म्हणाला असता."

नाव छापलं नाही. पण केंद्रावर भावाच्या पाळीला माणसं तीन, आणि वार्ताहर बहीण एकालाच. चार दिवसांत पावडर आली, वॉर्ड रिकामा होत गेला. भावाला घरी बसवलं. साहेबांची नुसती बदली झाली.

ती भावाकडे गेली तेव्हा भावजयीनं दार उघडलं. "या. आज काय न्यायला आलात?"

भाऊ खिडकीपाशी बसला होता. ती त्याच्यासमोर बसली. तो बाहेरच बघत राहिला.

"बोल ना रे काहीतरी. शिव्या दे हवं तर."

तो उठला. तिच्या पिशवीत हात घालून त्यानं पेन काढलं, टोपण उघडलं आणि तिच्या हातात दिलं.

"हे धर. मग बोलतो."

आणि बोलला तो. मी बरा आहे. पोरांच्या परीक्षा जवळ आल्यात. तुझी तब्येत कशी आहे? पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, एकेक शब्द तोलून, अगदी सावरून. पेन धरून ती ऐकत राहिली.