खात्याची लाईन, घरचा फोन

फोन दुरुस्तीची नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी मी बोलायला बसलो की बायको म्हणते, "झालं सुरू." आता मी काय करू? बिघाड दुरुस्त व्हायचा आणि किस्सा माझ्यासोबत घरी यायचा.

अर्धेअधिक किस्से एकाच गुन्ह्याचे. लाईन टेलिफोन खात्याची, तर फोनही खात्याचाच पाहिजे, तो काळा, विटेसारखा जड. लोक मात्र दुबईहून आलेला आपला फोन गुपचूप त्याच लाईनला जोडत. सापडला की लाईन कट. आणि नवी मिळेपर्यंत पाळण्यातलं पोरगं शाळेत जायला लागायचं.

धरमपेठेत एक वकीलसाहेब होते. म्हणाले, "आमच्याकडे एकच फोन आहे." मी एक्सचेंजला सांगून त्यांच्या नंबरवर घंटी मागितली. समोरचा फोन वाजला आणि स्वयंपाकघरातला गव्हाचा पिपाही वाजला. मी हादरलोच. वकीलसाहेब शांतपणे म्हणाले, "गहू नवा आहे, आवाज करते थोडा."

महाल भागात एका घरचा फोन आठ दिवस डेड. आम्ही खांबावर चढलो, केबल तपासली, काही सापडेना. शेवटी सूनबाईनं तोंड उघडलं. "सासूबाई आपला दुबईचा फोन कपाटात ठेवून गावाले, खाप्याले गेल्या. रिसीव्हर बाजूलेच राहिला असंल." कपाटाची किल्ली कुठे आहे, मी विचारलं. "त्याईच्या कमरेले."

पण आमचे सुपरवायझर मानकर साहेब, कानात कायम हिन्याच्या अत्तरातला कापसाचा फाया, त्यांच्यापुढे ही मंडळी काहीच नाहीत. त्यांनी सख्ख्या मेव्हण्याची लाईन कापली, तीही त्याच्याच घरी जेवून. वरून बडीशेप मागितली. बाप्पा, माणूस आहे की कोण, असं वाटलं मला.

म्हणून इंदोऱ्याच्या लीलाबाईंकडे साहेब स्वतः तपासणीला निघाले तेव्हा ती लाईन गेलीच, असं मला वाटलं. लीलाबाई रिटायर नर्स. वस्तीत कोणी बाई बाळंतपणात अडली की पहिला फोन त्यांना. फोन खाली, त्या वर राहत. गुडघे गेलेले, जिना उतरेपर्यंत घंटी बंद व्हायची. म्हणून भावानं पाठवलेला लाल फोन वर जोडलेला होता. जोडणारा मीच. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हातची, नाही कसं म्हणणार?

साहेब म्हणाले, "घंटी माग."

मी मुद्दाम नंबर चुकवला.

"काहून गा, नंबर विसरला का? पुन्हा लाव."

लावला. खालचा वाजला, वरचाही ठणाणा वाजला. लीलाबाई जिन्यातच बसल्या. "साहेब, मले काय करायचं ते करा, पण लाईन नका कापू. बाया अडून राहतीन."

साहेब वर गेले. नोकरी गेली असं धरूनच मी मागे गेलो. त्यांनी माझ्याकडून स्क्रूड्रायव्हर घेतला, लाल फोन उलटा करून उघडला. जोडणी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. कानातला फाया काढला, घंटीच्या दोन वाट्यांमध्ये नीट दाबून बसवला आणि फोनचं झाकण पुन्हा लावलं.

"माग घंटी."

मागितली. खाली ठणठणाट, वर नुसती कुरकुर, पलंगावर ऐकू येईल एवढीच.

"कापूस याच्याहून जास्त नका घालू बाई," साहेब म्हणाले. "आमच्या घरी घातला होता, तर मिसेसले ऐकूच नाही ये."