कालव्याच्या भरवशावर

सुएझचा कालवा मी कधी पाहिला नाही, पण त्याची सगळी कथा मला तोंडपाठ आहे. आमच्या ह्यांनी ती इतक्यांदा सांगितली. तरुणपणी हे जहाजावर फिटर होते, त्या कालव्यातून कितीदा तरी गेलेले. पुढे बहारीनच्या गोदीत जहाजं दुरुस्त करण्यात जन्म गेला. रिटायर झाल्यावर लेकीने आम्हाला तिच्या व्हिसावर ठेवून घेतलं, तिथल्याच उम्म अल हस्सम वस्तीतल्या फ्लॅटमध्ये. तिथे गॅलरीत बसून ह्यांचा कालवा सुरू व्हायचा. शेजारीण वाटीभर साखर मागायला आली तरी अर्धा कालवा ऐकूनच जायची.

तो खणला इजिप्तच्या शेतकऱ्यांनी. गावोगावची माणसं धरून आणली, वेठीला जुंपली. वाळू उपसता उपसता किती मेली त्याचा धड हिशोबसुद्धा कुणी ठेवला नाही, असं हे सांगायचे. कंपनी फ्रेंचांची. पुढे तिथला राजा कर्जात बुडाला तसा त्याचा हिस्सा इंग्रजांनी उचलला आणि मग फौजच आणून बसवली. शेवटी इजिप्तने कालवा आमचा म्हणून सांगितलं, तर तीन देश चालून आले. नंतरच्या लढाईत तो आठ वर्षं बंद, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जात. इथवर आलं की ह्यांचा आवाज चढायचा. मी म्हणायचे, अहो, चहा गार झाला, कालवा काही पळून जात नाही.

धाकटा मुलगाही जहाजावरच लागला. हे आजारी पडले तेव्हा त्याचं जहाज युरोपच्या बाजूला होतं. डॉक्टरने लेकीला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत.

आता आमच्याकडे, रत्नागिरीच्या खलाशांच्या घरांत, एक रीत आहे. जहाजावरच्या माणसाला घरचं वाईट कळवायचं नाही. तिथून तो काही करू शकत नाही, आणि इंजिनाजवळ काम करणाऱ्याचं चित्त हललं तर हात जायचा. ह्यांची आई गेली तेही ह्यांना घरी आल्यावर, पायरीवर पाय धुताना कळलं होतं.

लेक म्हणाली, त्याला सांगूया. हे उशीवरून अर्धे उठले.

"खबरदार. तू ऑफिसवाली, इंजिनरूम काय असते तुला काय ठाऊक? कालव्यातून आला की सुएझला उतरेल, कैरोहून विमान धरेल. तोवर मी कुठे जात नाही."

फोन आला की हे पाठीला दोन उशा लावून बसायचे, घसा साफ करायचे, काय जेवलास रे म्हणून दणक्यात विचारायचे. फोन ठेवला की घामाने भिजलेले असायचे. व्हिडिओचं म्हटलं तर नेट बरोबर नाही, असं सांगायचं.

कालव्याच्या खाली तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले चालल्याचं टीव्हीवर येत होतं. हे म्हणायचे, कंपनीला घाई असते, लांबून कोण जातंय! आणि एका दुपारी मुलाचा निरोप आला. वरून हुकूम आला, जहाज वळवलं, आता सगळ्या आफ्रिकेला वळसा. वर हसत म्हणतो, बाबांना सांग, त्यांनी जे कधी पाहिलं नाही ते मी बघणार.

ह्यांनी लेकीच्या फोनवर नकाशा काढायला लावला. आफ्रिकेच्या कडेकडेने बोट खाली नेलं आणि अर्ध्यातच काढून घेतलं. म्हणाले, "आता तर मुळीच सांगू नका."

जहाज आफ्रिकेच्या टोकाला पोचायच्या आत हे गेले. अग्नी लेकीने दिला, इथेच. पंधरा दिवस रोज कुणी ना कुणी डबा घेऊन यायचं आणि विचारायचं, मुलगा कुठवर आला? मी म्हणायचे, इंशाल्ला, येईल. आणि मनात त्या कालव्याला शिव्या द्यायचे. मालक बदलले, वाट अडवणारे बदलले, पण ज्याचं माणूस त्यातून येणार असतं त्याला कधी कुणी विचारलं नाही. बरं, जहाज वळवणाऱ्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. त्यावरची माणसं जगली, त्यांत माझाही. मग मी राग काढू तरी कुणावर?

मुलगा कोलंबोला उतरून आला. दारातच कळलं त्याला, माझ्या गळ्याकडे बघून. रडला नाही. ह्यांच्या पलंगावर बसून आजार कधीपासून होता ते विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाला,

"वळल्यावर स्पेनला तेल भरायला थांबलो होतो, आई. कप्तान म्हणाला, एकाला इथून सोडता येईल, कुणाला घरी गरज आहे? सगळ्यांत आधी मलाच विचारलं. मी म्हटलं, दुसऱ्याला सोडा, माझ्याकडे सगळी बरी आहेत."

लेक उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, आणि तो चालूच राहिला.

आता तो पुन्हा जहाजावर आहे. फोन करतो, माझ्याशी गोड बोलतो, गुडघा कसा आहे विचारतो. मी खरं तेच सांगते हल्ली. ऐकून घेतो, आणि मग म्हणतो, ताईला दे. फोन घेऊन लेक गॅलरीत जाते. मी बरी आहे का, हे तो तिला विचारतो.