लाट शिकलेला रेडा

शिरगावच्या भावेशच्या घरी पत्र्याच्या एका डब्यात, शिवणाच्या दोऱ्यांखाली, हातात धरून खेळायचा एक जुना व्हिडिओ गेम ठेवलेला आहे. दर दिवाळीच्या साफसफाईत तो डबा खाली येतो. मग भावेश, म्हणजे नारळाच्या व्यापाऱ्याला भावावरून घाम फोडणारा, चाळिशीला टेकलेला बाप्या, पायरीवर बसून गेममध्ये नवे पेन्सिल सेल घालतो. पडद्यावर एक टोपीवाला मुलगा दिसतो. चारी बाजूंनी पाणी, मधे एवढंसं बेट, त्यावर तो उभा. भावेश त्याला काठापर्यंत चालवतो आणि बंद करून टाकतो. बायको चारुता लग्न झाल्यापासून हे बघत आलीय. घरातले देवसुद्धा एवढ्या निगुतीनं कधी पुसले नाहीत, असं तिचं म्हणणं.

गोष्ट त्याच्या शाळेच्या वयातली. भावेशचा मामा जहाजावर खलाशी होता. त्याच्या दोन बहिणी, एक शिरगावात दिलेली, दुसरी खाडीपलीकडे मुरब्याला. भाच्यांत भांडण नको म्हणून त्या भल्या माणसानं जपानच्या कुठल्याशा बंदरातून एकसारखे दोन गेम आणले. एक भावेशला, एक मुरब्याच्या चिरागला. भांडण नको म्हणून, बरं का!

खेळ असा, की गावोगाव हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना डावपेच शिकवायचे आणि एकमेकांशी झुंजवायचे. सगळं जपानीत. एक अक्षर वाचता येईल तर शपथ. पण शनिवारी शाळा सुटली की भावेश सातपाटीच्या होडीनं मुरब्याला जायचा, आणि मावशीच्या अंगणात, शेजारणीनं बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या वलांडीखाली बसून दोघं अंदाजानं खेळायचे. मावशी वाटीभर चुरमुरे आणून द्यायची, ते संपले तरी यांचे हात वाटीत जायचे. भावेशला आजही सुक्या बोंबलांचा वास आला की बोटं शिवशिवतात. असं सुख पुन्हा मिळालं नाही, आणि हे तो कोणालाही सांगतो.

या खेळात एक डाव पाण्याचा होता. झुंजीत तो वापरला की मोठी लाट उठून समोरच्याला लोळवायची. पण खरी मौज झुंजीबाहेर. ज्या प्राण्याला तो डाव येतो, त्याच्या पाठीवर बसून समुद्र पार करता यायचा. दुनिया त्याला सर्फ म्हणते हे यांना पुढं कळलं. हे म्हणायचे लाट. हे डाव खेळातच सापडणाऱ्या तबकड्यांवर मिळत, आणि तबकडी एकदा वापरली की संपली, असा आजवरचा अनुभव. भावेशनं लाटेची तबकडी आपल्या निळ्या कासवाला दिली. त्याचं नाव बोय. बोयच्या पाठीवर बसून तो त्या बेटावर पोचला.

चिरागकडे एक रेडा होता. ठेंगणा, काळा, झुंजीत कोणाला न आवरणारा. भावेशचा जीव त्या रेड्यावर, चिरागचा बोयवर. दोन गेम वायरनं जोडून त्यांनी अदलाबदल केली. रेडा आला, बोय गेला, आणि मग भावेशच्या डोक्यात प्रकाश पडला, की आता बेटावरून निघायचं कसं? त्यानं बोय परत मागितला. चिराग म्हणाला, यालाच लाट शिकव, रेडा पोहतो की. भावेशला वाटलं, हा आपल्याला वेड्यात काढतोय. तबकडी संपलेली, आणि म्हणे रेड्याला शिकव! आता बघा, दिवसभर तळ्यात डुंबणाऱ्या म्हशी बघत वाढलेल्या पोरानं रेडा पोहत नाही असं म्हणावं, याला काय म्हणायचं? पण राग आला की दिसतं तेही दिसत नाही. त्यानं चिरागला ढकललं. चिरागचा पुढचा दात ओट्यावर आपटून अर्धा गेला. मग आयांचं जुंपलं, नको ते बोलणं झालं, आणि शनिवारची होडी बंद झाली.

पुढं भावेशनं घरची नारळाची वाडी धरली. चिराग बोईसरच्या कारखान्यात लागला, सरावलीला खोली घेऊन राहिला. आया बोलू लागल्या, हे दोघं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तर 'काय, बरा ना?' एवढंच. बेटावर अडकलेला तो मुलगा म्हणजे भावेशच्या लेखी चिरागविरुद्धचा पुरावा होता. चिराग मात्र आपल्या बोयवर बसून साती समुद्र फिरला असेल, हे त्याला वर्षानुवर्षं सलत राहिलं.

यंदा पावसाळा सरता सरता मावशीचा फोन आला. चिरागची कंपनी गुजरातेत दहेजला चालली, त्याच्याबरोबर त्याचं बिऱ्हाडही, रविवारी टेम्पो. चारुता नवऱ्याच्या मागे लागली, जाऊन भेटून या. भावेश ढिम्म. चूक त्याची, त्यानं यावं. शनिवारी दुपारी चारुताचं डोकं फिरलं. तिनं डबा काढून त्याच्यापुढं आदळला आणि म्हणाली, दाखवाच मला त्यानं तुमचं काय घोडं मारलं ते.

तिच्या फोनमध्ये कॅमेरा धरला की परकी अक्षरं मराठीत दाखवायची सोय होती. फवारणीच्या पंपाचा चिनी कागद तिनं तसाच वाचला होता. फोन तिनं पडद्यावर धरला. टोपीवाल्या मुलाच्या पिशवीतल्या एकेका वस्तूवरून सरकत ती एका तबकडीवर थांबली.

"ही लाटेचीच हाय ना? इथं लिवलंय, कितीबी वेळा वापरा."

भावेशनं तिच्या हातून फोन घेऊन स्वतः वाचलं. मग त्यानं तबकडी उचलून रेड्यासमोर धरली. रेडा शिकला. काठावर आणून बटण दाबलं, तर टोपीवाला मुलगा रेड्याच्या पाठीवर बसला आणि मजेत पाण्यात निघाला. इतकी वर्षं तबकडी याच्याच पिशवीत होती! भावेशला हसूही येईना आणि रडूही. सदरा अडकवून, गेम खिशात टाकून तो मोटरसायकलवर बसला.

सरावलीच्या खोलीत खोक्यांचे ढीग होते. चिराग कपाट दोरीनं बांधत होता. भावेशनं गेम त्याच्यापुढं धरला. पाण्यात रेडा, रेड्यावर मुलगा. चिरागनं पाहिलं आणि तो अर्ध्या दातासकट हसला.

"माझी चूक झाली," भावेश म्हणाला. हे वाक्य तो पालघरपासून पाठ करत आला होता. मग त्याला राहवलं नाही. "बोयला घेऊन कुठवर गेलास रे तू?"

"कुठं जातोय? आयनं त्याच दिवशी रागानं गेम खाडीत फेकला."

भावेश खोक्यावर बसला. ज्याचा त्यानं एवढा हेवा केला, तो तर पाण्यात उतरलाच नव्हता. त्याचे डोळे भरून आले आणि त्यानं ते पुसलेही नाहीत. गेम तू घेऊन जा, तो म्हणाला. चिराग नको म्हणाला, दहेजला घेऊन ये, मग बसून खेळू. भावेशनं लगेच मान हलवली, येतो म्हणाला.

"एवढ्या जवळ होतो तवा नाय आलास," चिराग म्हणाला.

तो रागानं म्हणाला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. टेम्पो तर उद्या येणारच होता. भावेशनं उठून कपाटाचं दुसरं टोक धरलं, आणि दोघांनी मिळून ते दारापर्यंत आणलं.