रेघांचं पिंप

घरी बिअर बनवायचं खूळ माझ्या डोक्यात ऑफिसातल्या एका गोऱ्या साहेबाने घातलं. इथे आखातात, जबल अलीला आमच्या वेअरहाऊसमध्ये आम्ही एकाच केबिनमध्ये बसायचो. माझी मावशी लोणच्याच्या मसाल्यावर बोलते ना, तसा हा लंचला माल्ट आणि यीस्टवर बोलायचा. मी काही पिणारा माणूस नाही. वीकेंडला एखादी बाटली, त्यातलीही निम्मी बायको संपवते. पण पंचेचाळिशी उलटली की पुरुषाला काहीतरी चाळा लागतो. कुणी सायकल घेतं, कुणी गिटार. इथे घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही हे मला ठाऊक होतं. साहेबालाही होतं. "घरातल्या घरात, थोडीशीच," असं आम्ही एकमेकांना सांगायचो. दोघेही गाढव.

मग मी सामान शोधायला लागलो. हा देश सोडून जाणारी माणसं शेवटच्या महिन्यात सोफ्यापासून मिक्सरपर्यंत सगळं विकायला काढतात, त्यात असलीही सामग्री निघते. दोन संच माझ्या नजरेत भरले. एकात पांढरं, आरपार न दिसणारं पिंप होतं. दुसऱ्यात पारदर्शक पिंप, त्यावर लिटरच्या रेघा छापलेल्या. बाकी दोन्हींत तेच ते: खाली नळ, झाकणावर बुडबुडे सोडणारी वाकडी नळी, बाटल्यांना बिल्ले ठोकायचं यंत्र. साहेब म्हणाला, पहिल्यांदा करतोयस तर डोळे मिटून पांढरं घे, उजेडाने बिअर बिघडते. इंटरनेटवरही झाडून सगळे हेच सांगत होते. मी पारदर्शक घेतलं. साडेतीनशे दिरहम, म्हणजे जवळपास आठ हजार रुपये, वर बार्गेनिंग नाही. बायकोने विचारलं, हेच का? मी म्हणालो, "आत काय चाललंय ते दिसलं पाहिजे ना. फेस कसा येतो, बघायला मजा येईल."

खोटं बोललो. तेव्हा ते खोटं आहे हे मलाही नीट कळलं नव्हतं, एवढीच काय ती सबब. खरी गोष्ट अशी, की त्याच आठवड्यात दादांचा व्हिजिट व्हिसा आला होता.

दादा म्हणजे माझे वडील. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात टाइमकीपर होते. कारखान्याला लागून उसाच्या मळीपासून दारू गाळणारी डिस्टिलरी, आणि डिस्टिलरीला लागून दादांचं नशीब. मी शाळेत असताना ते रोज पिऊन यायचे. मारहाण नाही, शिवीगाळ नाही; नुसते भिंत धरून यायचे आणि ताटावर बसल्या बसल्या झोपायचे. कपाटात एक बाटली असायची, तिच्या लेबलावर आई पेन्सिलने बारीक रेघ मारायची आणि दुसऱ्या दिवशी मला बघायला लावायची. पण त्याहून वाईट काम वेगळं होतं. दादा दारात आले की आई स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "पोराला वास द्या." मग दादा वाकायचे, माझ्या तोंडासमोर तोंड आणायचे आणि "हाऽऽ" करायचे. मी हुंगायचो आणि आत ओरडून सांगायचो. वास नसला तर "आई, नाही!" असला तर काहीच बोलायचो नाही. आईला तेवढ्याने कळायचं. दादा तोंडात लवंग किंवा बडीशेप टाकून यायचे, पण आठ वर्षांच्या पोराचं नाक भारी तिखट असतं.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात त्यांनी सोडली. कुणी शपथ घातली नाही, कुठे नेलं नाही. सोडली म्हणजे सोडली. त्या दिवसापासून त्यांनी बडीशेपही सोडली. लग्नाकार्यात जेवणानंतर तबक फिरलं की दादा हात आडवा करतात. विड्याचं पान नाही, वेलदोडा नाही. तोंडाला कसलाच वास नको, म्हणजे कुणाला शंका नको. आई गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी हा नेम चालू आहे.

असा माणूस आमच्या अल कुसैसच्या फ्लॅटमध्ये तीन महिने राहायला येणार होता. बायको म्हणाली, "दादा येताहेत आणि तू घरात हे मांडणार? अक्कल गहाण टाकलीस का?" मी म्हटलं, त्यांनी इतक्या वर्षांत थेंबाला शिवलेलं नाही, माझा त्यांच्यावर पूर्ण विश्वास आहे. आणि हे बोलून मी रेघा असलेलं पिंप गाडीत घातलं. विश्वास बघा माझा!

दादा आले. आमच्या दहा वर्षांच्या लेकीने त्यांचा ताबा घेतला. ते मराठीत विचारायचे, ती इंग्लिशमध्ये उत्तर द्यायची, आणि दोघांचं काहीही अडायचं नाही. संध्याकाळी ते दोघं पार्कात जायचे. दुकानातली प्रत्येक वस्तू उचलून दादा मोठ्याने रुपयांत हिशेब करायचे आणि परत ठेवायचे. घर छान भरलं होतं. त्या भरलेल्या घरात एका सुट्टीच्या सकाळी मी माल्ट उकळलं, पिंपात ओतलं, यीस्ट टाकलं आणि पिंप स्टोअररूममध्ये ठेवून दिलं. दादांनी विचारलं, "हे काय रे?"

"व्हिनेगर," मी म्हणालो.

"बरं," दादा म्हणाले. दुसऱ्या दिवशी चहा पिता पिता ते सहज बोलले, "तुमच्या व्हिनेगरला मळीचा वास येतोय. आमच्या कारखान्याकडून वारं आलं की असाच यायचा." आणि पेपर उलटला. अख्खी नोकरी डिस्टिलरीच्या कुंपणाला लागून केलेल्या माणसाला मी व्हिनेगर सांगत होतो. माझे कान तापले, पण मी खरं सांगितलं नाही. उलट त्या संध्याकाळी स्टोअररूममध्ये जाऊन, आतला माल जिथवर आला होता तिथे बाहेरून निळी चिकटपट्टी लावली. लिटरच्या रेघा लांब लांब होत्या. मला बारीक हिशेब हवा होता.

चारेक दिवसांनी पाहिलं, तर माल पट्टीच्या चांगला दोन बोटं खाली.

खाली नळ. नळाशेजारी इस्त्रीचं टेबल. दुपारी घरात दादा एकटे. झालं, संशयाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की माणसाला जे पाहिजे तेच दिसतं. दादा दुपारी जास्त झोपतात. दादांचे डोळे लाल दिसतात. परवा जेवताना ते मोठ्याने हसले, इतके कधी हसतात का? नातीबरोबर पार्कात पळापळ करून आलेला म्हातारा लालच दिसणार, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. आईने मला ज्या कामाला लावलं होतं, ते काम मी आता न सांगता करत होतो, आणि खरं सांगतो, झकास करत होतो.

शनिवारी नाश्त्याला मी विषय काढला. आवाज एकदम ऑफिससारखा, मीटिंगमध्ये वापरतो तसा.

"दादा, तुम्ही स्टोअररूममध्ये गेला होतात का?"

"गेलो होतो की. इस्त्रीचं टेबल आणायला."

"त्या पिंपाच्या नळाला हातबित लागला का?"

"नाही. का रे?"

"काही नाही. पातळी जरा कमी दिसतेय."

पातळी! काय शब्द सापडला मला. दादांनी पोह्यांचा घास ताटलीत परत ठेवला. उठले, स्टोअररूममध्ये गेले. मी मागोमाग गेलो. त्यांनी चष्मा वर करून ती निळी पट्टी पाहिली, तिच्यावरून अंगठा फिरवला आणि मग बराच वेळ पिंपाकडे नाही, पट्टीकडेच बघत राहिले. चपला घातल्या आणि खाली निघून गेले. पोहे तसेच राहिले.

बायको स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. ती आली, पिंपासमोर वाकली आणि कपाळाला हात लावला.

"अरे शहाण्या, हे वर काय चिकटलंय ते बघ!"

पट्टीच्या उंचीला, आतल्या बाजूने, वाळलेल्या फेसाची तपकिरी वर्तुळासारखी कड होती.

"फेस वर आला होता तेव्हा पट्टी लावलीस तू. आता फेस बसला. इडलीचं पीठ फुगतं आणि बसतं, कधी बघितलं नाहीस? दर रविवारी गिळतोस तर खरा!" ती एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण ती हळू आवाजात म्हणाली, "आणि म्हणून तुला आरपार दिसणारं हवं होतं होय?"

लाज वाटली असं म्हणणं फार सोपं आहे. मला तोंड लपवायला जागा नव्हती, आणि पायाशी उभा पुरावा म्हणून ते मूर्ख पिंप बुडबुडे सोडत होतं. मी झाकण काढलं, पिंप ओढत बाथरूममध्ये नेलं आणि नळ सोडून दिला. खलास. सगळ्या घराला मळीचा वास सुटला. ओतून टाकलं की मिटलं, असं कुठेतरी वाटलं असावं मला. दादा आले की पाय धरायचे, माफी मागायची, फेसाचं समजावून सांगायचं, असं मनात घोकत मी हॉलमध्ये बसलो. म्हणजे त्यातही पुन्हा मला माझी बाजूच मांडायची होती.

दादा तासाभराने आले. बेल वाजवली नाही, दार उघडंच होतं. मी उठून पुढे झालो, "दादा, ते असं झालं की..." म्हणालो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. चपला काढल्या, जोडीने नीट ठेवल्या. मग माझ्या अगदी जवळ येऊन उभे राहिले. पूर्वी त्यांना वाकावं लागायचं. आता मी त्यांच्याहून वीतभर उंच आहे, तर त्यांनी टाचा उचलल्या, हनुवटी वर केली, तोंड उघडलं आणि केलं, "हाऽऽ."

चहाचा वास होता. सकाळच्या चहाचा. दुसरा कसलाच नाही.

"दादा, नका हो," मी म्हणालो.

ते तिथेच उभे. "सांग," म्हणाले.

"दादा, माझं चुकलं..."

"ते नंतर. आधी सांग. सांगायचास ना."

"नाही," मी पुटपुटलो.

"मोठ्याने. सूनबाई आत आहे. तिला ऐकू गेलं पाहिजे."

आणि पंचेचाळिशी उलटलेला, हाताखाली तीस माणसं असलेला मी, माझ्या हॉलमध्ये उभा राहून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडलो, "नाही!" आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि बायको रडायला लागलेली ऐकू आली. दादांनी टाचा खाली टेकल्या.

आवाजाने लेक तिच्या खोलीतून धावत आली. "व्हॉट हॅपन्ड? बाबा व्हाय आर यू शाउटिंग?"

दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "काही नाही गं. आमचा जुना खेळ आहे. तोंडाचा वास ओळखायचा."

"ओ! कॅन आय प्ले?" तिने लगेच मान वर करून माझ्यासमोर तोंड उघडलं.

दादांनी तिला झटकन माझ्यापुढून मागे ओढलं, इतक्या जोरात की ती दचकली.

"नको," ते म्हणाले. "लहान पोरांनी खेळायचा खेळ नव्हे हा."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.